म्यू-मेसॉन तक्त्यातून कुठे गेला?

ही शंका एका ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षिकेने विचारली आहे. त्यांच्या लायब्ररीत कडा पिवळ्या पडलेलं एक जुनं पुस्तक आहे. त्यात मूलकणांचा तक्ता वजनाच्या क्रमाने दिलाय: आधी इलेक्ट्रॉन, मग म्यू-मेसॉन, पाय-मेसॉन, के-मेसॉन आणि शेवटी प्रोटॉन-न्यूट्रॉन. नव्या पुस्तकात म्यू-मेसॉन नाहीच; त्याच्या जागी 'म्यूऑन' आहे आणि तोही इलेक्ट्रॉनच्या पंगतीला बसलाय. पाय आणि के तर मूलकणांच्या यादीतूनच बाहेर. त्या विचारतात: खरं कोणाचं? मेसॉन मूलकण आहेत की नाहीत? अणुकेंद्रक बांधून ठेवतात ते हेच का? आणि एकही मेसॉन टिकत नसेल, तर त्यांच्यामागे एवढं लागायचं कशाला?

कण टिपणाऱ्या उपकरणांच्या कामात माझी उभी हयात गेली, त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस होईल. घाई असेल त्यांच्यासाठी आधी दोन ओळींत सांगतो. मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांची जोडी. (क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते मूलकण; प्रतिक्वार्क म्हणजे त्यांचे उलट प्रभाराचे जुळे.) वजन किती, प्रभार कुठला, जगतो किती, यातल्या कशावरूनही मेसॉन ठरत नाही. जोडी म्हटल्यावर तो मूलकण उरत नाही, संयुक्त कण होतो. म्यूऑनच्या पोटात क्वार्क नाहीत, म्हणून तो मेसॉन नाही. नवं पुस्तक बरोबर आहे. जुनं पुस्तक मात्र माणसाने आधी दिसण्यावरून गट पाडले आणि मग पोट फाडून पाहिलं तेव्हा ते गट कसे विस्कटले, याची चांगली साक्ष आहे.

गोंधळ नावापासून सुरू होतो. १९३२ साली चॅडविकने न्यूट्रॉन शोधला आणि केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात हे नक्की झालं. पण धन प्रभाराचे इतके प्रोटॉन एवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसतात कसे? विद्युत प्रतिकर्षणाला पुरून उरेल असं बल तिथे हवं, आणि केंद्रकाबाहेर पाऊल टाकताच ते संपायलाही हवं, कारण शेजारशेजारच्या दोन अणूंच्या केंद्रकांना एकमेकांचा पत्ताही नसतो. ओसाकाच्या हिदेकी युकावा या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने १९३४ मध्ये यावर उपाय मांडला. १९३५ मध्ये तो छापून आला. विद्युतचुंबकीय बल फोटॉन वाहून नेतो. फोटॉनला वस्तुमान नाही, म्हणून त्या बलाचा पल्ला अमर्याद. केंद्रकातलं बल आखूड पल्ल्याचं असेल, तर त्याच्या वाहकाला वस्तुमान असलंच पाहिजे.

किती, ते तुम्ही वर्गात फळ्यावर काढून दाखवू शकता. आम्हा लोकांना १९७ हा आकडा घरच्या फोन नंबरासारखा पाठ असतो. प्लांकचा स्थिरांक (२π ने भागलेला) गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे १९७ एमईव्ही-फर्मी. एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हे ऊर्जेचं एकक; कणांचं वस्तुमानही आम्ही त्यातच मोजतो. एक फर्मी म्हणजे दहाचा उणे पंधरावा घात इतके मीटर. या १९७ ला बलाच्या पल्ल्याने भागलं की वाहकाचं वस्तुमान मिळतं. युकावाने पल्ला साधारण २ फर्मी धरला. भागाकार आला १०० एमईव्हीच्या आसपास. इलेक्ट्रॉन ०.५११ एमईव्हीचा, म्हणजे हा नवा कण त्याच्या दोनशे पट. प्रोटॉन ९३८ चा, म्हणजे त्याच्या नवव्या हिश्शाएवढा. ना हलका ना जड, मधला.

१९३६ मध्ये अमेरिकेत कॅलटेकच्या कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना विश्वकिरणांत (अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांच्या माऱ्यात) अगदी असाच मधल्या वजनाचा कण दिसला. पुढे त्याचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या २०७ पट भरलं. भाकीत दोनशेचं, सापडला दोनशे सातचा. कोणाला शंका येणार? सगळ्यांनी धरून चाललं की युकावाचा कण सापडला.

त्याचं बारसं हा एक वेगळाच किस्सा आहे. शोधणाऱ्यांनी 'मेसोटॉन' सुचवलं. त्यांचे वरिष्ठ मिलिकन यांनी इलेक्ट्रॉन-न्यूट्रॉनशी मेळ बसावा म्हणून त्यात 'र' घालायला लावला आणि झालं 'मेसोट्रॉन'. तेव्हा केंब्रिजला असलेल्या, आपल्या मुंबईच्या होमी भाभांना ते खटकलं. १९३९ च्या सुरुवातीला 'नेचर'मध्ये आलेल्या एका छोट्या टिपणात त्यांनी, संस्कृतच्या मास्तरांनी संधी सोडवून दाखवावा तशी, शब्दाची फोड केली. 'मधला' या अर्थाच्या ग्रीक धातूत 'ट्र' नाही. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनमधला 'ट्र' त्यांच्या त्यांच्या धातूंतून आलेला आहे. म्हणून सरळ 'मेसॉन' म्हणावं. तेच रुळलं. गंमत अशी की भाभांनी ज्या कणाचं नाव नीट केलं, तो कण मेसॉन नव्हताच.

हे कळायला रोममधला एक प्रयोग लागला. कॉन्व्हर्सी, पान्चिनी आणि पिच्चिओनी या तिघांनी महायुद्धाच्या धामधुमीत हे काम सुरू केलं आणि निर्णायक निकाल १९४७ च्या सुरुवातीला छापला. युकावाचा कण केंद्रकाला बांधून ठेवणारा. म्हणजे केंद्रकाच्या जवळ गेला की केंद्रकाने त्याला तत्काळ गिळायला हवं. ऋण प्रभाराचा असेल तर केंद्रक त्याला ओढूनच घेतं, मग तर सुटकाच नाही. त्यांनी असे ऋण कण कार्बनमध्ये थांबवले. ते गिळले गेले नाहीत. निवांत बसले आणि आपल्या वेळेला फुटले. फर्मी, टेलर आणि वाइसकॉफ यांनी हिशेब मांडला, तेव्हा अपेक्षित वेळ आणि दिसलेला वेळ यांच्यात सुमारे लाख कोटी पटींची तफावत निघाली. केंद्रक बांधणाऱ्या त्या बलाचा, म्हणजे तीव्र बलाचा, या कणाला गंधही नव्हता. वजन जुळलं होतं, स्वभाव जुळला नव्हता.

मग युकावाचा खरा कण कुठे होता? इथे आपल्याकडची एक हुकलेली संधी सांगायलाच हवी. कलकत्त्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधले देवेंद्र मोहन बोस आणि त्यांच्या विद्यार्थिनी बिभा चौधुरी यांनी फोटोच्या काचपट्ट्या दार्जिलिंग, सांदकफू अशा उंच ठिकाणी महिनोन् महिने ठेवल्या. विश्वकिरणांतल्या कणांचे माग त्या रसायनाच्या थरावर उमटत. त्यांचे लेख १९४१-४२ मध्ये 'नेचर'मध्ये आले. वस्तुमान दोनशेच्या आसपास निघत होतं. पण हाती असलेल्या पट्ट्या साध्या होत्या आणि युद्धामुळे अधिक संवेदनशील पट्ट्या मिळत नव्हत्या. दोन जवळजवळच्या वजनांचे कण वेगळे काढणं त्या पट्ट्यांवर अशक्य होतं. ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या गटाने पुढे हीच पद्धत सुधारलेल्या पट्ट्यांवर वापरली आणि १९४७ मध्ये पाय-मेसॉन पकडला. पॉवेलना १९५० चं नोबेल मिळालं; युकावांना आदल्याच वर्षी मिळालं होतं. बोस-चौधुरींचं काम आधीचं, हे पॉवेल यांनी स्वतः लिहून ठेवलंय. बिभा चौधुरी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक. त्यांच्या नावाचा एक तारा आज आकाशात आहे, हे तुमच्या वर्गातल्या मुलींना जरूर सांगा.

ब्रिस्टलच्या पट्ट्यांवर नेमकं काय दिसलं, ते मात्र सावकाश सांगण्यासारखं आहे. उमेदवारीच्या काळात अशा जातीची एक पट्टी मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळाली. आधी काहीच कळत नाही. सगळीकडे काळे ठिपके, धुळीसारखे. फोकसचं चाक केसाएवढं फिरवलं की ठिपक्यांची एक रांग उमटते, आणखी फिरवलं की ती खोल जाते आणि दुसरी वर येते, कारण थराला जाडी आहे आणि माग तिरका जातोय. एका रांगेचा हात धरून चालायचं. सुरुवातीला ठिपके विरळ असतात: कण वेगात आहे, वाटेतल्या अणूंशी भांडायला त्याला सवड नाही. पुढे पुढे ठिपके दाट होत जातात आणि रांग वेडीवाकडी होऊ लागते. कण थकतोय, जो तो त्याला ढकलतोय. मग ठिपके एकमेकांना चिकटून जाड काळी रेघ होते आणि संपते. तिथे पायऑन, म्हणजे पाय-मेसॉनच, थांबला.

आणि त्याच टोकापासून एक नवी रेघ निघते. ती पुन्हा विरळपासून दाट होत जाते आणि संपते. हा म्यूऑन. त्याची लांबी मोजा: सुमारे ०.६ मिलिमीटर. दुसऱ्या पट्टीतला दुसरा पायऑन शोधा, त्याच्या टोकापासून निघालेला म्यूऑन मोजा: पुन्हा ०.६ च्या आसपास. दरवेळी तेच. ही लांबी ठरलेली असते, यातच सगळी मेख आहे. थांबलेला कण फुटून तीन तुकडे झाले असते, तर ऊर्जेची वाटणी दरवेळी वेगळी पडली असती आणि रेघा लहानमोठ्या आल्या असत्या. एकच लांबी म्हणजे दोनच तुकडे. एक दिसतोय, दुसरा प्रभारहीन असल्याने दिसत नाही. तो न्यूट्रिनो. म्यूऑनच्या वाट्याला दरवेळी ४.१ एमईव्ही गतिज ऊर्जा येते आणि तेवढ्यात तो ०.६ मिलिमीटरच चालू शकतो. पट्टी पुरेशी चांगली असेल, तर म्यूऑनच्या टोकापासून निघणारी तिसरी, अगदी फिकी रेघही दिसते: इलेक्ट्रॉनची. १९४७ च्या पट्ट्यांवर ती उमटत नव्हती, पुढच्या वर्षीच्या पट्ट्यांवर उमटू लागली. पाय, म्यू, इलेक्ट्रॉन अशा तीन पिढ्या एका दृष्टिक्षेपात. ब्रिस्टलला अशा रांगा दिवसभर शोधण्याचं काम प्रामुख्याने तरुण मुली करत. पहिली पाय-म्यू जोडी त्यांच्यापैकीच मारिएटा कुर्त्स यांच्या नजरेला पडली.

म्हणजे अँडरसनला जमिनीजवळ जो दिसला, तो होता मुलगा. बाप वरच्या हवेत आधीच संपला होता. विश्वकिरणांतले प्रोटॉन साधारण पंधरा किलोमीटर उंचीवर हवेतल्या केंद्रकांवर आदळतात, त्यातून पायऑन उसळतात, ते फुटून म्यूऑन होतात आणि ते खाली येतात. आत्ता तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एक-दोन म्यूऑन आरपार जातायत. नव्या विद्यार्थ्याला मी पहिलं काम हेच देतो: वीतभर लांबीरुंदीच्या दोन सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाट्या काळ्या टेपमध्ये गुंडाळ, एकीवर एक ठेव, आणि दोन्हींत एकाच क्षणी ठिणगी पडेल तेवढ्याच मोज. मिनिटाला चारशेच्या घरात आकडा यायला हवा. एका पोराने दोन्ही पाट्या वेगवेगळ्याही मोजून पाहिल्या आणि वरचीचा आकडा हजारोंवर गेलेला बघून 'नवीन कण सापडला' म्हणत धावत आला. खोलीतली ट्यूबलाइट बंद केली, आकडा खाली आला. कोपऱ्यातली टेप सुटली होती. दोन पाट्या एकत्र का मोजायच्या, ते त्याला कायमचं समजलं.

त्या म्यूऑनबद्दल आणखी एक. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगाने गेला तरी ६६० मीटर, फार तर. मग पंधरा किलोमीटर खाली पोहोचतो कसा? वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ आपल्या दृष्टीने हळू चालतं म्हणून. फुटणारा कण हे एक घड्याळच आहे आणि वेगात असताना त्याचं आयुष्य लांबलेलं दिसलं पाहिजे, हे १९३८ मध्येच मांडलं होतं, पुन्हा भाभांनीच.

आता पोटात काय आहे ते बघू. १९५० च्या दशकात नवनव्या कणांचा नुसता पाऊस पडला. १९६४ मध्ये गेल-मान आणि झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की हे सगळे थोड्याशा तुकड्यांच्या वेगवेगळ्या मांडण्या आहेत. क्वार्क सहा प्रकारचे: अप, डाउन, स्ट्रेंज, चार्म, बॉटम, टॉप. अप, चार्म, टॉपवर +२/३ प्रभार. बाकी तिघांवर −१/३. तीन क्वार्क एकत्र आले की बॅरिऑन, ज्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन येतात. एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क आले की मेसॉन. दोन्ही घराण्यांचं मिळून आडनाव हॅड्रॉन. इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ आणि न्यूट्रिनो हे लेप्टॉन. त्यांना तीव्र बल लागूच होत नाही.

धन पायऑन घ्या: अप आणि प्रति-डाउन. २/३ अधिक १/३, झाला एक. धन केऑन (के-मेसॉन) म्हणजे अप आणि प्रति-स्ट्रेंज, पुन्हा एक. क्वार्क आणि प्रतिक्वार्कच का, दोन क्वार्क का नाहीत? क्वार्कना 'रंग' नावाचा एक गुण असतो, तांबडा-हिरवा-निळा. हे नुसतं नाव आहे, डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचं नातं नाही. निसर्गात मोकळा फिरणारा कण बेरंगच लागतो. तिन्ही रंग एकत्र आले की बेरंग, आणि रंग व प्रतिरंग भेटले तरी बेरंग. दोन नुसत्या क्वार्कना हे साधत नाही. टॉप क्वार्कचे मेसॉन मात्र तुम्हाला यादीत सापडणार नाहीत. तो इतक्या झटकन फुटतो की जोडीदार शोधायलाही त्याला वेळ मिळत नाही.

या व्याख्येने वजनाचा निकष पार उडाला. बॉटम क्वार्क असलेला बी-मेसॉन ५२७९ एमईव्हीचा, प्रोटॉनच्या साडेपाच पटींहून जड. १९७७ मध्ये फर्मीलॅबला सापडलेला उप्सिलॉन ९४६० चा, दहा प्रोटॉनांएवढा. त्याला 'मधला' म्हणायचं म्हणजे हत्तीला 'मध्यम बांध्याचा' म्हणण्यासारखं. तिकडे लेप्टॉन म्हणजे 'हलका', आणि टाऊ लेप्टॉन १७७७ चा, प्रोटॉनच्या जवळजवळ दुप्पट. नावं चिकटली ती चिकटली. आडनाव 'काळे' म्हणून कोणी रंग तपासायला जात नाही.

एकही मेसॉन का टिकत नाही, हेही घडणीतूनच समजतं. प्रोटॉन फुटायचा तर बॅरिऑनची संख्या जपावी लागते, आणि त्याच्याहून हलका बॅरिऑनच नाही, म्हणून तो अडकून पडलाय. मेसॉनमध्ये एक क्वार्क जमेला आणि एक प्रतिक्वार्क नावे, शिल्लक शून्य. त्याला संपायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. याच कारणाने तो हवा तेवढा निर्माणही होतो: दोन प्रोटॉन जोरात आदळवले की ऊर्जा पुरेल तितके पायऑन उडतात. मेसॉन मोजून जपायची वस्तू नाही.

पण कोण किती वेळ घेतो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आमच्या धंद्यात आयुष्य बघूनच कुठलं बल काम करतंय ते ओळखतात. ऱ्हो मेसॉन दहाचा उणे चोविसावा घात सेकंदांच्या हिशेबात संपतो: तीव्र बल. उदासीन पायऑन ८.४ गुणिले दहाचा उणे सतरावा घात इतके सेकंद जगतो आणि दोन फोटॉन होऊन जातो: विद्युतचुंबकीय बल, कारण त्याच्या पोटात अप आणि प्रति-अप (तसंच डाउन आणि प्रति-डाउन) असल्याने ते एकमेकांना थेट खातात. प्रभारित पायऑनमध्ये अप आणि प्रति-डाउन, जात वेगळी. त्यांना एकमेकांना खाता येत नाही. एका जातीच्या क्वार्कचा दुसऱ्या जातीचा क्वार्क करू शकणाऱ्या क्षीण बलाची वाट बघावी लागते, आणि ते बल सरकारी फायलीच्या वेगाने चालतं. म्हणून तो २६ नॅनोसेकंद जगतो, उदासीन भावाच्या सुमारे तीस कोटी पट.

जाता जाता: पायऑन फुटताना इलेक्ट्रॉन द्यायचं सोडून म्यूऑनच का देतो? ऊर्जा तर इलेक्ट्रॉनच्या बाजूने जास्त उरते. तरी दहा हजारांत जेमतेम एखादा पायऑन इलेक्ट्रॉन देतो. पायऑनला फिरकी (स्पिन) नाही. न्यूट्रिनो कायम डाव्या फिरकीचा. हिशेब शून्य राहायचा तर सोबतच्या कणाला त्याच्या स्वभावाविरुद्ध फिरावं लागतं. तेवढी मुभा वस्तुमान असलेल्यालाच मिळते आणि इलेक्ट्रॉन त्या मानाने फारच हलका. क्षीण बलाला डाव्या-उजव्याचा भेद कळतो, याचा हा घरगुती पुरावा.

आता प्रश्नाचा तो भाग: केंद्रक बांधून ठेवतात ते मेसॉनच का? हो, पण वरवर. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एक-दोन फर्मी अंतरावर असताना त्यांच्यातली ओढ पायऑनच्या देवाणघेवाणीने उत्तम मांडता येते, आणि युकावाचं गणित तिथे आजही चालतं. १९७ ला पायऑनच्या १४० ने भागून बघा, १.४ फर्मी. मूळ बल मात्र ग्लुऑन वाहून नेतात, क्वार्क-क्वार्कांत. प्रोटॉनच्या आत शिरलात की पायऑनची भाषा बंद पडते. 'मेसॉन हे तीव्र बलाचे वाहक कण' असं एखाद्या गाइडमध्ये सरळ छापलेलं असेल, तर ते अर्धं खरं आहे. परीक्षेत मी असतो तर 'केंद्रकीय बलाच्या बाह्य भागाचे' एवढं जोडणाऱ्या मुलाला जास्त गुण दिले असते.

माझ्या मते पायऑनचं सगळ्यात विलक्षण कोडं त्याच्या वजनाचं आहे. पायऑन आणि ऱ्हो, दोघांच्या पोटात तेच ते दोन क्वार्क. पायऑनमध्ये दोघांच्या फिरक्या एकमेकींविरुद्ध, ऱ्होमध्ये एकाच दिशेला. एवढाच फरक. आणि वजन? १४० विरुद्ध ७७५ एमईव्ही. खुद्द अप आणि डाउन क्वार्क मिळून दहा एमईव्हीसुद्धा भरत नाहीत. म्हणजे प्रोटॉन काय, ऱ्हो काय, त्यांचं बहुतेक वजन क्वार्कचं नसून बांधणीच्या ऊर्जेचं आहे. यात पायऑनच काय तो विचित्र हलका. त्याचं कारण योइचिरो नाम्बू यांनी दाखवलं: एका सममितीचा भंग आपोआप होतो, आणि असा भंग झाला की एक जवळपास वजनरहित कण मागे उरतोच, पायऑन तो आहे. क्वार्कचं स्वतःचं वजन अगदी शून्य असतं तर पायऑनही वजनरहित झाला असता, आणि मग केंद्रकीय बलाचा पल्ला आखूड राहिला नसता. नाम्बूंना २००८ चं नोबेल मिळालं.

शेवटचा प्रश्न: अभ्यास कशाला? कारण मेसॉनमध्ये द्रव्य आणि प्रतिद्रव्य एकाच पलंगावर झोपलेलं असतं. निसर्ग दोघांत डावं-उजवं करतो का, हे तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत क्रोनिन आणि फिच यांच्या गटाने दीर्घायुषी उदासीन केऑन तपासले. नियमाप्रमाणे त्यांचे दोन पायऑन व्हायला नकोत. हजारांत दोन होत होते. हजारांत दोन म्हणजे किरकोळ वाटेल, पण निसर्ग द्रव्याला आणि प्रतिद्रव्याला अगदी सारखं वागवत नाही, हे तिथे पहिल्यांदा दिसलं. १९७३ मध्ये कोबायाशी आणि मास्कावा म्हणाले की क्वार्कच्या तीन पिढ्या, म्हणजे दोन-दोनच्या तीन जोड्या, असतील तर हे जमतं. तेव्हा तिसरी पिढी कोणी पाहिलीही नव्हती. ती सापडली, आणि २००१ मध्ये जपानच्या 'बेल' व अमेरिकेच्या 'बाबार' प्रयोगांत बी-मेसॉनमध्येही हा भेदभाव मोजला गेला. तोही ढळढळीत. तरीसुद्धा विश्वात सगळीकडे द्रव्यच का उरलं, याला हा भेदभाव पुरत नाही. म्हणून काम चालू आहे.

ते कसं चालतं, याची एक झलक. जपानमध्ये त्सुकुबाला 'बेल-२' प्रयोगात ७ जीईव्हीचे (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) इलेक्ट्रॉन आणि ४ जीईव्हीचे पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे प्रतिकण, समोरासमोर आदळवतात. टक्करीत हाती येणारी ऊर्जा म्हणजे दोन्ही ऊर्जांचा गुणाकार, गुणिले ४, त्याचं वर्गमूळ: ७ गुणिले ४ गुणिले ४, वर्गमूळ १०.५८ जीईव्ही. बरोबर एवढ्याच ऊर्जेला उप्सिलॉनचा एक उत्तेजित भाऊ तयार होतो आणि तो फुटून बी आणि प्रति-बी अशी जोडी देतो. दोन्हीकडच्या ऊर्जा मुद्दाम असमान ठेवल्यात, म्हणजे जोडी जागेवर न फुटता एका बाजूला वाहत जाते. बी-मेसॉन जगतो दीड पिकोसेकंद. तेवढ्यात तो चालतो मिलिमीटरच्या सुमारे आठव्या हिश्शाएवढा. कोण आधी फुटला, कोण नंतर, हे त्या अंतरावरून ठरवायचं. त्यासाठी सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांचे थर टक्करबिंदूभोवती गुंडाळलेले असतात. त्यातला चौथा थर जोडण्याचं काम मुंबईच्या टाटा संस्थेच्या गटाने केलं. केसाहून बारीक तारांची शिलाई एकेक जोड तपासत करायची, आणि एक पट्टी बिघडली तर आठवडा वाया. नोबेलच्या बातम्यांमागे असलं शिवणकाम असतं.

वर दिलेली व्याख्याही आता थोडी ताणली गेली आहे. २००३ मध्ये 'बेल'ला ३८७२ एमईव्हीचा एक कण सापडला, जो साध्या जोडीच्या हिशेबात नीट बसत नाही. २०१३ मध्ये चीनच्या 'बेस-३' आणि 'बेल' या दोघांनाही ३९०० च्या आसपास एक प्रभारित कण दिसला. त्याच्यात चार्म आणि प्रति-चार्म आहेत हे त्याच्या तुकड्यांवरून कळतं, पण त्या दोघांचा प्रभार मिळून शून्य. मग प्रभार आला कुठून? आणखी एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क असल्याशिवाय जमत नाही. एकूण चार. ते चौघे एकाच मुठीत आहेत, की दोन मेसॉन हातात हात घालून उभे आहेत, यावर आमच्यात अजून वाद झडतात. क्वार्क जमेला, प्रतिक्वार्क नावे, ती बेरीज शून्य, फिरकी पूर्णांकी, म्हणून कोष्टकात त्यांना सध्या मेसॉनच्याच पानावर जागा दिली जाते.

तेव्हा तुमच्या लायब्ररीतल्या त्या तक्त्यावर काट मारू नका. म्यू-मेसॉनच्या बाजूला पेन्सिलीने 'लेप्टॉन' लिहा, पाय आणि के समोर त्यांचे क्वार्क लिहा, आणि पान तसंच वर्गात फिरू द्या.